अर्धी साखर

तिसरा पत्राही वाया गेला. गुणाजीने तो लांब दांड्याच्या फळीने भट्टीतून बाहेर ओढला, तेव्हा त्यावर वेगवेगळ्या नानकटाया उरल्याच नव्हत्या. सगळ्या एकमेकींत वाहत जाऊन एकच तपकिरी पोळी झाली होती, कडेला करपलेली आणि मध्ये ओली. त्याने उलथन्याने एक तुकडा उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. मग भट्टीसमोरच्या ओट्यावर बसून तो बराच वेळ परातीत उरलेल्या पिठाकडे बघत राहिला.

चौसष्ट सालचा फाल्गुन होता. साखर रेशनवर जाऊन वर्ष होत आलं होतं. मुरुडच्या बाजारातल्या शिवदासशेटच्या बेकरीला जो कोटा मिळे, तो चहात बुडवायचे बटर आणि गोड पाव यांतच संपून जाई. तेव्हा नानकटाई बंद करायची असं शेटने ठरवलं. गुणाजीने ते ऐकून घेतलं आणि गुळावर करून बघू का, असं विचारलं. शेट म्हणाला, बघ, पण बेकरीचं तूप नासवू नकोस. म्हणून गुणाजी गूळ आणि डालडा स्वतःच्या घरून आणत होता, आणि सकाळच्या पावांची गडबड संपली की रोज एक पत्रा नासवत होता.

जवळच्या शिघ्रे गावातल्या एका भातशेतीवाल्या घरातला हा सर्वांत धाकटा भाऊ. वाटणीत काही यायचं नव्हतं म्हणून बाजारात आला आणि भट्टीला लागला, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती. पाव भाजणारे बेकरीत आणखी तिघे होते, पण नानकटाईच्या पत्र्याला दुसरं कुणी हात लावत नसे. पाव निघाले की भट्टीची धग उतरू लागते, आणि त्या उतरत्या धगीवरच नानकटाई भाजायची असते. ती वेळ आली की नाही हे गुणाजी भट्टीत उघडा हात धरून ओळखायचा. दिवाळीच्या आधी आठ दिवस गावातल्या बायका रवा, मैदा, तूप, साखर घरून आणून त्याच्या पुढ्यात ठेवत. दीडशे डबे येत. कुणाचं तूप कुणाच्या परातीत गेलं, कुणाचा शेर कमी भरला, असं सत्तावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. गुणाजीला गावात मान होता तो एवढाच, आणि त्याला तो पुरत होता.

गुळाने मात्र त्याला जेरीस आणलं होतं. साखर तुपात फेसली की तूप पांढरं आणि हलकं होतं, आणि नानकटाई ठेवल्या जागी बसून राहते. गूळ तसा नाही. तो पाणी धरून असतो. धग लागली की आधी स्वतः पातळ होतो आणि मग पिठाला घेऊन पळतो. शिवाय त्याच्यात स्वतःचा आंबटपणा असतो, त्यामुळे नेहमीइतका सोडा पडला की नानकटाई भसकन फुगते आणि मग मध्येच खचते. हे गुणाजीला कुणी सांगितलं नव्हतं. एकेका नासलेल्या पत्र्याने ते त्याला शिकवलं.

जुना, दगडासारखा झालेला गूळ त्याने किसला, फडक्यावर पसरून दोन दिवस भट्टीच्या माथ्यावर सुकवला, कुटला आणि वस्त्रगाळ केला. दही घालायचं बंद केलं. सोडा निम्म्यावर आणला, तूप कमी केलं, रवा मूठभर वाढवला. तरी रंग काळा येई. मग त्याने बाजारातून खांडसरी आणली. ती ओल्या वाळूसारखी दिसणारी साखर रेशनकार्डाशिवाय मिळायची, पण कुणी चहातही घालत नसे. तीही त्याने तशीच सुकवली. दोन वाटे खांडसरी आणि एक वाटा गूळ धरला. गुळाचा वास झाकायला जायफळ वाढवलं आणि पत्रा नेहमीपेक्षा घटकाभर उशिरा, आणखी मंद धगीवर सरकवला.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला एका दुपारी पत्रा बाहेर आला आणि त्यावर चोवीस नानकटाया चोवीस जागी बसल्या होत्या. रंग नेहमीपेक्षा किंचित गडद, वर बारीक भेगा. गुणाजीने चार नानकटाया कागदात बांधून घरी नेल्या. त्याची बायको सोनाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने एक खाल्ली, दुसरी घेतली आणि विचारलं, "साखर कुठनं मिळाली?"

गुणाजी एकटाच हसत सुटला. तो इतका हसलेला तिने क्वचितच पाहिला होता.

शिवदासशेटने काचेच्या बरणीत त्या नानकटाया भरून गल्ल्याजवळ ठेवल्या. बरणीवर 'गुळाची नानकटाई' अशी चिठ्ठी लावायला गुणाजीने सांगितलं. शेटला ते पटत नव्हतं. पण लोकांनी साखरेची समजून न्यायची आणि मागून बोलायचं, हे गुणाजीला नको होतं. त्याने हट्ट धरला म्हणून शेटने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून डकवली.

गिऱ्हाईक येई, बरणीकडे बघे, चिठ्ठी वाचे आणि बटर घेऊन जाई. कुणी विचारलं, ही आजाऱ्याला चालते का. कुणी म्हणालं, टंचाई आहे ती आहे, पण ती बशीत मांडून कशाला दाखवायची. हायस्कुलातल्या महादेव गुरुजींच्या पत्नी गोदावरीबाई एकदा आल्या. त्यांची नारळ-सुपारीची वाडी होती, घरी मुंबईच्या पाहुण्यांचा राबता असे. गुणाजीने स्वतः पुढे होऊन एक नानकटाई त्यांच्यापुढे धरली. त्या संकोचून म्हणाल्या, "नको हो गुणाजी. आमच्याकडे पाहुण्यांपुढे गुळाचं नाही ठेवता येत."

नानकटाई हातात तशीच राहिली. महिन्याभराने शेटने बरणी रिकामी करून कामगारांच्या चहाबरोबर वाटून टाकली. खाऊन नावं ठेवली असती तर गुणाजीला इतकं लागलं नसतं. पण कुणी खाल्लीच नव्हती. नुसती चिठ्ठी वाचून सगळे परत फिरले होते, आणि ती गोष्ट पावसाळाभर त्याच्या मनात काट्यासारखी रुतून राहिली.

दसरा झाला. सणासाठी म्हणून कार्डावर थोडी जास्त साखर मिळाली. बायकांनी आधीपासून चमचा-चमचा करून राखून ठेवलेली होतीच. डबे यायला चार दिवस राहिले असताना एका दुपारी शिवदासशेट भट्टीजवळ येऊन बसला. एरवी तो इकडे फिरकत नसे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "गुणाजी, तुझी ती नानकटाई गेली ती चिठ्ठीपायी. चिठ्ठी नसती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं."

गुणाजी उलथन्याने पत्रा खरवडत राहिला. शेट मग बेताबेताने मुद्द्यावर आला. या बायकांच्याच डब्यात घालायची. निम्मी त्यांची साखर, निम्मी गुणाजीची गूळ-खांडसरीची भुकटी. एकीनेही ओळखलं तर आपण मिशी उतरवू, असं तो म्हणाला. उरेल ती साखर बेकरीच्या बटराला होईल, बेकरी चालली तर सगळ्यांची घरं चालतील, असंही म्हणाला. ते शेवटचं बोलणं गुणाजीच्या कानावरून निघून गेलं. त्याच्या डोळ्यांपुढे गोदावरीबाईंची पडवी उभी राहिली होती. मुंबईचे पाहुणे बसले आहेत, बशीत त्याची नानकटाई आहे, आणि सगळे वाहवा करत खात आहेत.

त्या दिवशी तो घरी किनाऱ्याने गेला. लोकांनी आधी खावी, तोंडभर नाव घ्यावं, आणि मग दिवाळी झाली की आपण एकेकीला सांगावं, बाय, तुमी खाल्ली ती गुळाची. मग पुढल्या वर्षी चिठ्ठी लावली तरी कुणी तोंड फिरवणार नाही. असं सगळं त्याने चालता चालता मनाशी जुळवलं. सोनाबाईला मात्र त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं नाही, म्हणजे आत कुठेतरी त्याला कळत होतं. पण ते त्याने वर येऊ दिलं नाही.

डबे आले. एरवी बायका भट्टीजवळ पाट मांडून बसायच्या, गप्पा मारत आपल्या डब्यावर नजर ठेवायच्या. या वर्षी गर्दी आहे, संध्याकाळी या, असं गुणाजीने सांगितलं आणि त्या गेल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एकही हलली नसती.

तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली आवडाबाई आली. नवरा समुद्रात बुडून गेलेला, एकुलता एक मुलगा आगबोटीवर खलाशी. दोन वर्षांनी तो दिवाळीला चार दिवस घरी यायचा होता. तिने डालड्याच्या लहान डब्यात रवा आणि तूप आणलं होतं, आणि साखर लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून. श्रावणापासून आपण कोरा, अगोड चहा पितो आहोत, हे तिने सहज बोलता बोलता सांगितलं आणि ती निघून गेली.

गुणाजीने गाठ सोडली. साखर ओंजळभर होती. हा एवढा डबा तसाच करावा, असं त्याच्या मनात आलं. पण मग हिची नानकटाई वेगळी होणार, शेजारणीची वेगळी, आणि फरक दिसणार. त्याने निम्मी साखर बाजूच्या डब्यात ओतली आणि भुकटीत हात घातला.

दिवाळी झाली ती गुणाजीच्या नावानेच. बाजारातून जाताना लोक थांबवून सांगत, यंदा हात काही वेगळाच लागला होता. कुणी म्हणालं खमंग, कुणी म्हणालं तोंडात विरघळते. एकीनेही ओळखलं नव्हतं. भाऊबीज उलटल्यावर गोदावरीबाईंचा निरोप आला, जरा घरी येऊन जा.

त्यांनी त्याला पडवीत बसवलं, कपबशीत चहा दिला. मुंबईच्या नणंदेने प्रमाण विचारलं आहे, जाताना ती डबा भरून घेऊन गेली, असं त्या कौतुकाने सांगू लागल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगा, यंदा काय वेगळं केलंत?"

आठ महिने गुणाजी याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याने चहा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. नासलेले पत्रे, भट्टीच्या माथ्यावर सुकवलेला गूळ, दही बंद केलं ते, सोडा निम्मा केला ते, खांडसरी, जायफळ. आयुष्यात तो कुणापुढे एवढा सलग बोलला नव्हता. गोदावरीबाई आधी नुसत्या ऐकत होत्या, मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे आम्ही गुळाची खाल्ली?"

"व्हय बाय. निम्मी. तुमीच म्हनलावता, पाहुन्यांम्होरं ठेवता येत न्हाय."

त्या हसल्या. खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून. गुणाजीही हसला. त्याला वाटलं, जमलं. मग हसता हसता त्या थांबल्या. काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आमची निम्मी साखर कुठे गेली?"

गुणाजीने तोंड उघडलं. उरलेल्या साखरेबद्दलचं शेटचं ते बोलणं त्याला आत्ता पहिल्यांदा नीट ऐकू आलं. दीडशे डबे. प्रत्येकातली निम्मी.

"शेटकडं," तो म्हणाला.

गोदावरीबाई रागावल्या नाहीत. त्या उठल्या, "चहा घ्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. कपातल्या चहावर साय धरली. थोड्या वेळाने गुणाजी उठला आणि कुणाला न सांगता वाडीच्या बेड्याचे आडवे बांबू सरकवून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीपुढे तीस-चाळीस बायका जमल्या. महादेव गुरुजी पुढे होते. शिवदासशेट शांत होता. त्याने कोठीचं दार उघडून दाखवलं. आत मैद्याची पोती होती, साखरेचा कणही नव्हता. ती धनत्रयोदशीलाच राजपुरीहून लाँचने मुंबईला गेली होती, हे गुणाजीला फार नंतर कळलं. शेट म्हणाला, मी पत्र्याला हात लावत नाही, पिठात हात घालत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. गुणाजी स्वतःच केलं म्हणतो, तर गुणाजीलाच विचारा.

गुरुजींनी विचारलं. गुणाजी म्हणाला, केलं मी, पण सांगितलं शेटनी.

"मी?" शेट बायकांकडे वळला. "अहो, गुळाची नानकटाई केली तेव्हा मी माझ्या हाताने चिठ्ठी लिहून लावली होती. आठवतं ना सगळ्यांना? मला फसवायचंच असतं तर चिठ्ठी लावली असती का मी?"

सगळ्यांना आठवत होतं. अक्षरही शेटचंच होतं. ती चिठ्ठी लावायला आपण हट्ट धरला होता, हे सांगायला गुणाजीने मान वर केली. पण समोरच्या तोंडांकडे पाहून त्याला कळलं की आता ते सांगण्यात काही उरलं नाही. त्याने मान खाली घातली. पुरवठा खात्याकडे अर्ज करायचं कुणीतरी काढलं, पण मग आपण किती साखर साठवली होती तेही सांगावं लागलं असतं. हळूहळू बायका पांगल्या. जाताना त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आवडाबाई मात्र मागे थांबली होती. सगळे गेल्यावर ती ओट्याजवळ आली.

"माज्या डब्यातली पन?"

"व्हय."

ती ओट्याच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "पोरगा म्हनला, आये, एवढी बंदरं फिरलो, आसली नानकटाई कुठं खाल्ली न्हाय. जाताना संगती नेली त्यानं." तिने पदर सारखा केला. "आता त्याला काय कळवू?"

उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली.

त्याच दुपारी शेटने त्याला कामावरून काढलं. गावापुढे दुसरं काही करताच येत नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा वाईट वाटल्यासारखंही होतं. सोनाबाईला सगळं बाहेरून कळलं होतं. तिने जेवण वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "मला तरी सांगायचं व्हतं." पुढे कधी तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं गुणाजीला पुष्कळदा वाटे.

मार्गशीर्षात शेटने महाडहून नवा कारागीर आणला. गुणाजीची प्रमाणं भट्टीवरच्या तिघांना पाठ होती. गल्ल्याजवळच्या बरणीत पुन्हा नानकटाई दिसू लागली, किंचित गडद, वर बारीक भेगा असलेली. या खेपेला चिठ्ठी नव्हती. ती चांगली खपत होती.

गुणाजी नांदगावच्या एका वाडीत नारळ सोलायला जाऊ लागला. सत्तावीस वर्षं पिठात राहिलेले हात सोडणाच्या राठ काथ्याने आठवड्यात फाटले, मग निबर झाले. रस्त्यात कुणी भेटलं तर रामराम होई. कुणी वाकडं बोलत नसे. पुढल्या दिवाळीत बायका डबे घेऊन स्वतः भट्टीजवळ बसून राहिल्या, उठल्या नाहीत, असं त्याच्या कानावर आलं.

सहासष्टच्या वैशाखात शिघ्र्याला त्याचा चुलतभाऊ रावजी याच्या मुलीचं लग्न निघालं. गुणाजी आणि सोनाबाई आदल्या दिवशीच गेली. घरचं कार्य, आणि आचारी एकटाच. गुणाजी आपणहून मागच्या अंगणात गेला, चुलाणात लाकडं सारली, बुंदीची कढई बसवायला हात दिला. तेवढ्यात दोघांनी साखरेचं पोतं आणून टेकवलं. मामलेदाराकडे चार खेटे घालून मिळवलेली परवान्यावरची साखर होती. आचाऱ्याने पोत्याची शिवण उसवायला सुरी मागितली.

रावजी घाईघाईने आला. त्याने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा गुणाजीकडे. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो मवाळपणे म्हणाला, "दादा, हितं धग लय हाय. तुमी भायेर वाऱ्याला बसा."

चुलाणाजवळचे सगळे एकदम आपापल्या कामात गढून गेले. गुणाजीने धोतराला हात पुसले. "बसतो," तो म्हणाला आणि बाहेर मांडवात आला. तिथे चार म्हातारे पानाचं तबक घेऊन बसले होते. त्यांनी सरकून त्याला जागा दिली.

काही वेळाने मागच्या अंगणातून पाकाचा वास आला. वासावरून त्याला कळलं की तार पुढे गेली आहे. आत्ताच्या आत्ता जाळ ओढला नाही, तर पाक करपणार. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. दारातून माणसं ये-जा करत होती. त्याने तबकातला अडकित्ता उचलला, एक सुपारी घेतली आणि तो ती बारीक, एकसारखी कातरू लागला.